थवा बसलाय, आता काय? पुण्यातल्या परसात सातेरी पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

संक्रांत झाली की माझ्या फोनवर धूसर फोटो यायला लागतात. पेरूच्या नाहीतर कढीपत्त्याच्या फांदीला काळपट तपकिरी काहीतरी लोंबतंय आणि खाली एकच ओळ, "ताई, हे काय आहे?" सहकारनगरात, तळजईच्या पायथ्याशी आमचं जुनं घर आहे. मागच्या परसात सध्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या पाळण्याजोग्या देशी मधमाशीच्या, पाच पेट्या आहेत. त्यातल्या चार आयत्या आलेल्या थव्यांच्या, एक मी विभागून केलेली. लोक जे वारंवार विचारतात ते एकदाच लिहून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगते. थवा पकडणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. माश्या आपल्या पेटीत राहतात की नाही, ते त्या ठरवतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

झाडाला माश्यांचा गोळा लटकलाय. हे पोळं आहे का?

पोळं असेल तर आत मेणाची पोळी दिसेल. नुसत्याच माश्या एकमेकींना धरून लोंबत असतील, काल तिथे काही नव्हतं आणि आज दुपारी अचानक आलं असेल, तर तो थवा. तो तिथे राहायला आलेला नाही, वाटेत थांबलाय. काही तासांत उठेल, कधी एक-दोन दिवस बसेल. आकार नारळाएवढाही असतो आणि बऱ्यापैकी फणसाएवढाही.

त्या घर सोडून निघतातच कशाला?

मोहोळ फुटतं म्हणजे एका घराची दोन घरं होतात. फुलोरा भरपूर असला आणि घरात दाटी झाली, की कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला राणीकोष, म्हणजे नवी राणी वाढवायचे कप्पे, बांधतात. नवी राणी कोषात असतानाच जुनी राणी जवळजवळ निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. भरलं घर लेकीला आणि वनवास आईला. माणसांत उलटं असतं, म्हणून हे ऐकून सगळ्यांना गंमत वाटते.

निघताना प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन घेते. हा शिधा दोन-तीन दिवस पुरतो. तेवढ्यात नवी जागा शोधावी लागते. शोधाला वाटाड्या माश्या जातात आणि परत येऊन घोसाच्या पाठीवरच नाचून दिशा आणि अंतर सांगतात. या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउर यांनी युद्धानंतरच्या म्युनिकमध्ये एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या पाहिल्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या धुळीने लाल. फुलांवरून आलेली माशी अशी मळत नाही. पडक्या इमारतींमधली धुराडी आणि भिंती पाहून आलेल्या त्या वाटाड्या होत्या. तुमच्या झाडावरच्या घोसाकडे पाच मिनिटं शांतपणे बघा, एखादी ढुंगण हलवत सरळ रेषेत चालताना दिसेल. ती एखाद्या जागेची शिफारस करतेय. बहुतेकींचं एका जागेवर एकमत झालं की थवा उठतो.

पुण्यात थवे कधी निघतात?

माझ्याकडे दोन हंगाम. मोठा माघ-फाल्गुनात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. टेकड्यांवर गिरिपुष्प फुललेलं असतं, शेवगा असतो, मागून कडुनिंब आणि करंज येतात. छोटा हंगाम पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. ऊन पडलेली उबदार सकाळ, साधारण दहा ते दोन, ही त्यांची निघायची वेळ. एप्रिल-मेमध्ये किंवा भर पावसाळ्यात फिरताना दिसलेला थवा बहुतेक वेळा फुटलेला नसतो, पळालेला असतो. उपाशी, तापलेला किंवा घरात कीड लागलेला. तोही पकडता येतो, पण त्याला लगेच खायला द्यावं लागतं आणि तो टिकेल अशी खात्री कमी.

सगळ्याच मधमाश्या पेटीत राहतात का?

नाही! ह्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुण्यात आपल्याला मुख्यतः तीन देशी माश्या भेटतात. आग्या सगळ्यात मोठी. उंच इमारतीच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीखाली, पुलाखाली, वडा-पिंपळावर एकच भलंमोठं पोळं, कधी हात-दीड हात रुंद, कधी त्याहून मोठं. ती उघड्यावरच राहते, दरवर्षी गाव बदलते, पेटीत कधीच राहत नाही. रात्री ट्यूबलाइटवर येऊन आदळतात त्या मोठ्या माश्या बहुधा याच. आग्या चिडली तर शेकडोंनी मागे लागते, माणसं मेलेली आहेत. आग्याचा घोस कितीही शांत दिसला तरी त्याच्या नादी लागू नये. दगड, धूर, फटाके, काही नाही. लोकांना त्या बाजूने जाऊ देऊ नका आणि जाणकाराला बोलवा.

फुलोरी सगळ्यात लहान. मेंदीच्या कुंपणात, बोगनवेलीत, गच्चीच्या कठड्याच्या जाळीला तळहाताएवढं एकच पोळं, फांदी पोळ्याच्या आरपार गेलेली. दिसायला गोड. हिलाही उजेड लागतो, पेटीत कोंडली की निघून जाते. तिला आहे तिथे राहू द्या, तुमच्या लिंबाला फळं जास्त लागतील.

पाळायची ती सातेरी. अंधाऱ्या पोकळीत एकामागे एक समांतर पोळी बांधणारी. झाडाची ढोली, वाड्याच्या भिंतीतली बुजवलेली देवळी, ड्रेनेजचं न वापरलेलं चेंबर, जुन्या स्पीकरचा खोका, विजेच्या मीटरची पेटी, कुठेही. उघड्यावर लटकलेला थवा सातेरीचा की दुसऱ्या कुणाचा, हे फोटोवरून मलाही कधीकधी सांगता येत नाही. म्हणून मी शेजारी माचिसची काडी नाहीतर पेन धरून फोटो मागते. अर्थात लांबून, झूम करून.

याशिवाय डंख नसलेल्या इवल्या माश्या भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहतात, त्यांचा विषय वेगळा.

चावतील का?

थव्यातली माशी सहसा चावत नाही. तिच्या पोटात मध, राखायला ना पोळं ना पिल्लं. पण "सहसा" हा शब्द लक्षात ठेवा. दोन दिवस उपाशी बसलेला, पावसात भिजलेला किंवा कुणी काठीने डिवचलेला थवा चिडका असतो.

डंख लागला तर नांगी चामडीत राहते आणि तिच्याबरोबरची विषाची पिशवी आकुंचन पावत राहते. चिमटीत धरून ओढू नका, नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून टाका, आणि लगेच. मग थंड पाणी, बर्फ. लोखंड घासणं, चुना लावणं हे सगळं मी करून पाहिलंय; वेळ जातो एवढंच. अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना. ज्यांना पूर्वी असा त्रास झालाय त्यांनी हा छंद करू नये.

आणि माश्यांकडे जाण्यापूर्वी केळं खाऊ नका. डंखाबरोबर धोक्याची सूचना देणारा जो वास सुटतो त्यात पिकल्या केळ्याच्या वासाचंच द्रव्य असतं.

काय सामान लागतं?

जाळीची टोपी, लांब बाह्यांचा फिका शर्ट, पँट मोज्यात खोचलेली. सूप किंवा पुठ्ठ्याचं खोकं. पाणी मारायची फवारणीची बाटली. मऊ ब्रश. जुनी पातळ सुती साडी किंवा धोतर. आणि सातेरीची पेटी. मी आयएसआय "ए" टाइपची आठ चौकटींची वापरते. चौकट म्हणजे माश्यांनी पोळं बांधावं म्हणून पेटीत लटकवायची लाकडी फ्रेम. मेलिफेरा या मोठ्या परदेशी माशीची पेटी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. सातेरी अंगाने लहान, तिच्या दोन पोळ्यांमधलं अंतरही कमी. त्या ऐसपैस पेटीत ती चौकटी सोडून आडवीतिडवी पोळी बांधते.

धुमाडी, म्हणजे धूर सोडायचा डबा, बरोबर असू द्या, पण थव्यावर धूर मारायची गरज नसते. बसलेल्या घरावर धूर मारतात तो माश्यांनी मध पिऊन जड व्हावं म्हणून. या आधीच पिऊन आल्यात.

प्रत्यक्षात पकडायचा कसा?

मागच्या फेब्रुवारीत आमच्याच गल्लीत चिकूच्या झाडावर बसला होता तो सांगते. डोक्याच्या थोड्या वर, जाडसर फांदीच्या बेचक्यात. मला दुपारी एकला फोन आला, मी साडेचारला गेले. मुद्दाम. दुपारी वाटाड्या फिरत असतात, संध्याकाळी बहुतेक सगळ्या घोसात परतलेल्या असतात. उशीर करण्यात जोखीम आहेच, तोवर थवा उठून जाऊ शकतो. गेला तर गेला.

झाडाखाली पांढरी साडी अंथरली, त्यावर पेटी ठेवली. मधल्या चार चौकटी काढल्या. घोसावर पाण्याचे बारीक तुषार मारले. पंख ओले झाले की माश्या उडायला कुरकुर करतात आणि घोस आणखी घट्ट होतो. मग त्याच्या अगदी खाली सूप धरलं आणि दुसऱ्या हाताने फांदीला एकच जोरदार हिसका दिला. हळूहळू दहा हिसके दिले तर दहा वेळा माश्या उडतात. एका हिसक्यात ओलं पीठ पडावं तसा "थप्प" आवाज आला आणि अख्खा घोस सुपात. तो पेटीत उपडा केला, चौकटी अलगद बसवल्या, वर झाकण. दार उघडं ठेवलं.

आता उरलेल्या शे-दोनशे हवेत आणि फांदीवर. घाई करायची नाही. साडीवर बसून बघत राहायचं. पाचेक मिनिटांनी पेटीच्या दारात काही माश्या ओळीने उभ्या राहिल्या, शेपूट वर, तोंड पेटीकडे, आणि जोरजोरात पंख हलवायला लागल्या. नाक जवळ नेलं तर लिंबाच्या सालीसारखा हलका वास येतो. "घर इथे आहे, या" असं तो वास सांगतो. मग साडीवरच्या माश्या चालत निघाल्या, थेट वारीच्या रांगेसारख्या, चढ चढून दारातून आत. चिकूवाल्या आजोबांनी खुर्ची आणून ते पाऊण तास पाहिलं, आणि शेवटी "यांना शिस्त कोण लावतं?" असं विचारलं.

अंधार पडल्यावर दाराला जाळी ठोकली, पेटी साडीत बांधली आणि स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणली.

राणी पेटीत आली हे कसं ओळखायचं?

शोधायची गरज नाही. पंख हलवणाऱ्या त्या माश्या पेटीच्या दारात दिसल्या, तर राणी आत. फांदीवर दिसल्या आणि पेटीतल्याही परत फांदीकडे जायला लागल्या, तर राणी वरच राहिलीय, पुन्हा हिसका. उंच भिंतीवर किंवा जाड खोडावर बसलेल्या घोसात हिसका चालत नाही, तिथे ब्रशने खालून वर सरकवत खोक्यात घ्यायच्या. रिकामं खोकं घोसाच्या वर उपडं टांगलं तर त्या आपणहून अंधारात वर चढतात, फक्त वेळ लागतो.

पेटी तीन फूट किंवा तीन किलोमीटर हलवावी म्हणतात. मग थव्याचं काय?

तो नियम बसलेल्या घराचा. भरल्या पेटीतल्या माश्यांना जुनी जागा पाठ असते. थोडी लांब हलवली तर चरायला गेलेल्या जुन्या जागी परततात आणि तिथे घुटमळून मरतात. थवा मात्र जुनं घर मनातून पुसूनच निघालेला असतो. शेजारच्या बंगल्यात पकडलेला थवा त्याच रात्री तुमच्या परसात ठेवला तरी चालतो. फक्त पकडला त्याच दिवशी हलवा. दोन-तीन दिवस तिथेच ठेवलीत तर नवी जागा पाठ होते आणि जुना नियम परत लागू.

पेटी कुठे ठेवू?

सकाळचं ऊन, दुपारची सावली. दाराचं तोंड पूर्वेला असलेलं बरं. दारासमोर दहा-बारा फूट मोकळे, तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. पेटी स्टँडवर, आणि स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वाट्यांच्या पाण्यात थोडं जळकं ऑइल घाला, नाहीतर मुंग्या अडतील पण डेंग्यूचे डास वाढतील. गच्ची उघडी असेल तर एप्रिलच्या आधी वर शेड हवीच.

मी पकडला, पण तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी. काय चुकलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सातेरी नाराज झाली की सरळ घर सोडते. माझा पहिला थवा असाच गेला. पेटी नवीकोरी, हौसेने आतूनबाहेरून वॉर्निश लावलेलं, वर गच्चीवर ठेवलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला आवाज वाढला. मी म्हटलं रुळल्या. सव्वाअकराला पेटीच्या वर ढग, साडेअकराला तळजईच्या दिशेने ठिपका. आत बघितलं तर बोटभर मेण सुद्धा नाही.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. पेटीला आतून रंग, वॉर्निश काही नाही. आतल्या बाजूला जुनं मेण चोळते, चौकटींच्या वरच्या पट्टीला मेणपत्र्याची (पोळ्याचे ठसे असलेल्या मेणाच्या पातळ पत्र्याची) बोटभर पट्टी लावते. दुसऱ्या पेटीतली पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्या असलेली, एक चौकट माश्या झटकून या पेटीत मधोमध ठेवते. पिल्लं टाकून माश्या सहसा जात नाहीत. मला विचाराल तर बाकी सगळ्या युक्त्या एकीकडे आणि ही एक चौकट एकीकडे. पहिली पेटी करणाऱ्याकडे ती नसते, म्हणून आसपासच्या मधपाळाशी ओळख ठेवा. मात्र आजारी पेटीतली चौकट कधीही घेऊ नका.

दुसऱ्या संध्याकाळपासून साखरेचा पाक: साखर आणि पाणी समसमान, गार करून, पेटीच्या आत, अंधार पडल्यावर. दिवसा बाहेर ठेवलात तर आजूबाजूच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच नको, त्यातून रोग येतात.

दाराला राणी अडवणारी जाळी चार-पाच दिवस लावता येते: कामकरी जातात-येतात, राणी जाऊ शकत नाही, आणि राणीशिवाय थवा लांब जात नाही. पण एक मेख आहे. पहिल्या मोठ्या थव्यानंतर त्याच घरातून कधीकधी आणखी छोटे थवे निघतात, त्यांच्यात कुमारी राणी असते. तिला मीलनासाठी बाहेर उडावंच लागतं. तिला जाळीत अडकवलंत तर तिच्या अंड्यांतून कामकरी माश्या निपजणारच नाहीत. हंगामाच्या शेवटी आलेला मुठीएवढा थवा असेल तर मी जाळी लावत नाही. शिवाय नर माश्या जाळीत अडकून दार तुंबतं, रोज बघायला हवं.

आणि पहिला आठवडा पेटी उघडू नका! रोज झाकण उचलून "बसल्या का" बघणारे दहा जण मला माहीत आहेत, त्यांतल्या आठांच्या पेट्या रिकाम्या आहेत. दारात बघा. पायांना पिवळे-केशरी परागाचे गोळे लावून माश्या आत जात असतील तर बहुधा आत पिल्लं आहेत, म्हणजे मुक्काम ठरला.

पकडायला न जाता थवा आपणहून पेटीत येईल का?

येतो, आणि मला हीच पद्धत जास्त आवडते. जुनी, माश्या राहून गेलेली पेटी साफ करून, आत काळं पडलेलं पोळं असलेली एखादी चौकट ठेवून, आठ-दहा फूट उंचीवर सावलीत ठेवायची. दार लहान, दोन बोटांचं. पेटी नसेल तर मातीचा जुना माठ आतून मेण चोळून, तोंडाला फळी बसवून आडवा टांगतात. दारापाशी गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब. त्या "या, घर इथे" वाल्या वासाशी त्याचं नातं आहे. तेल नसेल तर परसातली गवती चहाची पात चुरगाळून चोळली तरी मी समाधान मानते. दोनाचे दहा थेंब करू नका, उलटा परिणाम होतो.

रोज पाच-सात माश्या पेटीच्या फटी हुंगत, आतबाहेर करत फिरताना दिसल्या तर समजा, पाहणी चालू आहे. फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्यासारख्या. जुनं पोळं ठेवाल तिथे मेणकिडा येतो, म्हणून पंधरा दिवसांनी चौकट बघा. जाळं दिसलं तर काढून टाका.

मीटरच्या पेटीत, भिंतीत घर करून बसलेल्या सातेरीला काढून आणता येईल?

येतं, पण तो थवा नव्हे, बसलेला संसार आहे. पिल्लांसकट पोळी कापून, वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपटाने चौकटीत बांधावी लागतात. दोन-तीन दिवसांत माश्या मेणाने ती जोडून टाकतात आणि सोपट कुरतडून बाहेर फेकतात. नंतर पेटी तीनेक किलोमीटर लांब कुणाकडे तरी पंधरा दिवस ठेवायची, वर सांगितलेल्या नियमासाठी. विजेच्या मीटरमध्ये असेल तर आधी वीज बंद करून घ्या, तेही महावितरणच्या माणसाकडून. पहिल्या वर्षी हे काम करू नका. आणि कुणाला त्रास नसेल, भिंतीत आहेत तर असू देत की.

सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय. त्याआधी घेऊन येऊ?

आधी म्हणजे खरोखर आधी असेल तर धावत जा. फवारणी झाल्यावर उरलेल्या माश्या आणू नका. कोथरूडमधल्या एका सोसायटीतून मी अशा आणल्या होत्या, "थोडंसंच मारलंय" या शब्दावर. दोन दिवसांत पेटीच्या तळाशी मेलेल्या माश्यांचा थर साचला, जीभ बाहेर आलेल्या. पेटीसुद्धा फेकावी लागली.

शेजारी तक्रार करतात.

डंखाची तक्रार क्वचित येते. खरी तक्रार येते वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवरच्या पिवळ्या ठिपक्यांची. माश्या घरात घाण करत नाहीत, बाहेर उडताना करतात, आणि ते डाग सहज जात नाहीत. पेटीचं तोंड फिरवून उडण्याची वाट दोरीवरून हलवा. दुसरी तक्रार नळावरच्या गर्दीची. परसात उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा, पहिल्या दिवसापासून. एकदा शेजारच्या कूलरची सवय लागली की मोडत नाही. उन्हाळ्यात रसवंतीवर दिसतात त्या सगळ्या तुमच्याच आहेत असा आरोप मात्र मान्य करू नका.

संध्याकाळी डासांच्या धुराची गाडी गल्लीत येते त्या दिवशी पेट्यांची दारं ओल्या गोणपाटाने झाकून घ्या, आत हवा राहील एवढी फट ठेवून.

मध किती मिळेल?

पहिल्या वर्षी शून्य धरा. चांगल्या जागी सातेरीची पेटी वर्षाला पाच-सात किलो देते असं म्हणतात. माझ्या परसात चांगल्या वर्षी तीन किलो निघाला, वाईट वर्षी मीच साखर घातली. जून ते सप्टेंबर पुण्यात माश्यांचे उपासाचे दिवस, तेव्हा घरातला मध त्यांचाच. नुसता मधच हवा असेल तर विकत घेणं स्वस्त पडतं.

रोग, किडी?

मेणकिडा दुबळ्या घरात येतो. माश्यांनी झाकलेली पोळीच आत ठेवा, जादा काढून घ्या. वेडा राघू तारेवर बसून एकेक टिपतो, टिपू दे. गांधीलमाशी दारात घिरट्या घालते तेव्हा दार अरुंद करा. थाई सॅकब्रूड मात्र गंभीर आहे. हा विषाणूचा रोग, १९९१-९२ पासून दक्षिणेतल्या सातेरीचा त्याने धुव्वा उडवला. कोषात अळी उताणी, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी मेलेली दिसते. औषध नाही. कुठला थवा कुठून आलाय हे आपल्याला कळत नसतं, म्हणून नवा थवा महिनाभर बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि त्याच्या चौकटी इकडे तिकडे फिरवू नका.

एकाच्या पाच पेट्या व्हायला किती वर्षं लागतील?

मला सहा लागली, मधे दोनदा शून्यावर येऊन. भरलेल्या पेटीत राणीकोष दिसले की थवा उडायची वाट न बघता विभागणी करता येते: जुन्या राणीसकट तीन चौकटी नव्या पेटीत, राणीकोषाच्या चौकटी जुनीतच. राणीचे पंख कापू नका. ती उडू शकली नाही तरी माश्या फुटायच्या त्या फुटतातच, आणि राणी खाली गवतात मरते.

शिकायचं कुठे?

पुण्यात राहून हा प्रश्न पडू नये. गणेशखिंड रस्त्यावर खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. राज्याचं मध संचालनालय महाबळेश्वरला. तिथून जवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथले मधपाळ पेटी उघडताना हात कसा चालवतात ते एकदा बघून या.

माझ्याच पेटीतला थवा शेजाऱ्यांच्या आंब्यावर जाऊन बसला. आता तो कुणाचा?

भांडू नका, तेवढ्यात तो उठून जाईल. बेल वाजवा, शिडी मागा, खिडक्या लावून घ्यायला सांगा, आणि पकडून आणा. आमच्या शेजारच्या काकूंच्या आंब्यावर आत्तापर्यंत तीनदा बसलाय. पहिल्यांदा त्या ओरडल्या, दुसऱ्यांदा साडी त्यांनीच दिली. तिसऱ्यांदा मी गावाला होते, तर त्यांनी स्वतः सुपात घेऊन माझ्या रिकाम्या पेटीत ओतला आणि फोन करून सांगितलं, "झाकण लावलंय, दार उघडं ठेवलंय, बरोबर ना?"